पडद्यासमोर बसलेलं मूल काय करतंय?

एक विद्युतघट, काही तारा आणि एकापाठोपाठ एक जोडलेले दोन सारखे बल्ब. कळ दाबायच्या आधी वर्गाला विचारा, यातला कुठला बल्ब जास्त उजळेल? बरीच मुलं घटाजवळच्या पहिल्या बल्बकडे बोट दाखवतात. त्यांचा हिशेब सरळ असतो: घटातून निघालेली वीज पहिला बल्ब थोडी खाऊन टाकतो, उरलेली दुसऱ्याच्या वाट्याला येते. हा गैरसमज भलताच चिवट आहे. ‘एकसर जोडणीत विद्युतधारा सगळीकडे सारखीच असते’ हे वाक्य परीक्षेत बिनचूक लिहिणारी मुलंही मनातून त्या पहिल्या बल्बपाशीच अडून बसलेली असतात.

प्रत्यक्ष जोडणी करून दाखवली की दोन्ही बल्ब सारखेच पेटतात. आपलं चुकलं हे मुलांना कळतं, पण का चुकलं ते कळत नाही, कारण तारेच्या आतलं काही दिसतच नाही. त्यात खऱ्या बल्बांमध्ये थोडाफार फरक असतोच. नेमका पहिला बल्ब किंचित जास्त उजळला, तर चुकीची कल्पना आणखी पक्की व्हायची!

इथे संगणकाचा पडदा खरोखर उपयोगी पडतो. 2001 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक असलेल्या कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातले आभासी प्रयोग फुकट मिळतात, बरेचसे मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. त्यातल्या विद्युत परिपथाच्या प्रयोगात तारेतले इलेक्ट्रॉन निळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. परिपथ पूर्ण होताक्षणी सगळे ठिपके एकदम चालायला लागतात, घटाजवळचेही आणि लांबचेही. पहिल्या बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे त्यांचा वेग सारखाच असतो. मूल तिसरा बल्ब जोडतं, तर सगळीच रांग मंदावते. एखादं मूल घटाच्या दोन्ही टोकांना थेट तार लावून पाहतं आणि घटातून ज्वाळा निघतात. खऱ्या प्रयोगशाळेत अशी मुभा कोण देईल?

कोलोरॅडो विद्यापीठातल्याच संशोधकांनी 2005 मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा आणि बल्ब हाताळले, काहींनी फक्त आभासी परिपथ. नंतर दोघांनाही खरा परिपथ जोडून तो समजावून सांगायला लावलं. आभासी परिपथावर शिकलेले विद्यार्थी त्यातही सरस ठरले.

यावरून प्रयोगशाळेला कुलूप लावायचं, असा अर्थ कुणी काढू नये. जे डोळ्यांना दिसत नाही, फार लहान किंवा फार धोक्याचं आहे, ते पडद्यावर दाखवावं. ओल्या कापसावर बी रुजताना पाहायचं असेल तर खरं बीच हवं, रोज सकाळी जाऊन बघण्यातली उत्सुकताही हवी. आणि ते निळे ठिपके म्हणजे एक प्रतिकृती आहे, हेही मुलांना सांगायला हवं. साध्या तारेत इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकण्याचा सरासरी वेग सेकंदाला एक मिलिमीटरही नसतो.

यंत्र आलं की शिक्षण आपोआप बदलेल, ही आशा फार जुनी आहे. चलचित्रांमुळे शाळांतली पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, असं भाकीत थॉमस एडिसन यांनी 1913 मध्येच केलं होतं. अलीकडचं आणि जास्त बोलकं उदाहरण पेरूमधलं आहे. तिथे ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेचा परिणाम 319 प्राथमिक शाळांमध्ये मोजला गेला. 2012 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मुलांच्या हातात संगणक पोचल्याचं आणि त्यांचा वापर वाढल्याचं दिसलं, पण गणितात आणि भाषेत काही फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. मला तो निकाल निराशाजनक वाटत नाही. प्रश्न कुठे विचारायचा, ते त्यातून कळतं: यंत्र कुठलं आहे यापेक्षा त्याच्यासमोर बसलेल्या मुलाचं डोकं त्या वेळी काय करतंय?

व्हिडिओचंच घ्या. सुबक चित्रं, पाठीमागे संगीत, निवेदक बोलतोय आणि तो जे बोलतोय तेच खाली अक्षरांतही उमटतंय. तयार करणाऱ्याने मेहनत घेतलेली असते, पण मेंदूची एका वेळी नवी माहिती धरून ठेवायची जागा फार तोकडी आहे, साधारण चार गोष्टींपुरती. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की चित्र आणि आवाज एवढंच असेल तर सहसा समज चांगली होते. तोच मजकूर पडद्यावरही टाकला तर ती घसरते, कारण चित्र बघावं की अक्षरं वाचावीत, अशी डोळ्यांची ओढाताण होते. (ज्यांना नीट ऐकू येत नाही किंवा ती भाषा नवी आहे, त्यांना मात्र अक्षरांचा आधार लागतोच.) म्हणून वीस मिनिटांचा व्हिडिओ सलग लावण्यापेक्षा दोन मिनिटांनी थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारणं कितीतरी चांगलं.

आता वर्गातला एक प्रश्न बघू. 0.125 मोठा की 0.3? शिक्षकाने तोंडी विचारलं तर पुढच्या बाकावरची चार मुलं बरोबर उत्तर देतात आणि धडा पुढे सरकतो. तोच प्रश्न टॅबवर किंवा मोबाईलवर टाकला, प्रत्येकाने गुपचूप आपलं उत्तर निवडलं, तर अर्ध्या मिनिटात पडद्यावर दोन उंच खांब उभे राहतात. 125 ही संख्या 3 पेक्षा मोठी, म्हणून 0.125 मोठा, असं मानणारी मुलं एक-दोन नाहीत, हे तिथे दिसतं. एरवी ती वर्षभर गप्प बसली असती.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझूर यांनी 1991 पासून याच्यावर एक पद्धत बेतली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचा प्रयत्न करायचा, मग पुन्हा मत नोंदवायचं. बरोबर उत्तर तोवर सांगायचंच नाही. दुसऱ्या फेरीत बहुतेकदा बरोबर उत्तराचा खांब उंचावतो. नुकतंच समजलेल्या मुलाला आपली अडचण कुठे होती ते ताजं आठवत असतं, त्यामुळे ते शेजाऱ्याला नेमकं समजावतं. हे रंगीत कार्डं वर करूनही जमतं. यंत्राने फक्त मोजणी झटपट होते, आणि कुणी काय निवडलं ते इतरांना दिसत नाही म्हणून लाजरं मूलही खरं उत्तर देतं.

छोट्या ऑनलाइन चाचण्यांचं बळही यातच आहे. अमेरिकेतले रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. आठवताना जो ताण पडतो, त्यानेच आठवण घट्ट होते. म्हणून मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न आजच्या तासाच्या सुरुवातीला टाकावेत, गुण न देता.

उघड्या पडद्याचा एक तोटा शेजारच्यालाही भोवतो. 2013 मध्ये कॅनडातल्या एका प्रयोगात व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे गुण 11 टक्क्यांनी कमी आले. स्वतः काही न करता ज्यांना तो पडदा नुसता दिसत होता, त्यांचे 17 टक्क्यांनी. त्यामुळे काम संपलं की झाकणं बंद, हा नियम वर्गात पाळलाच पाहिजे.

राहिली इंटरनेटवर शोधाशोध करण्याची गोष्ट. ‘माहिती शोधून आणा’ एवढंच सांगितलं तर मुलं पहिला दुवा उघडतात आणि उतरवून काढतात. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे जाणकार, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली होती. इतिहासकार आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले, देखणी मांडणी आणि भारदस्त नाव बघून बरेच जण फसले. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांतच पान सोडून बाजूला नवे टॅब उघडत होते: हे चालवतं कोण, त्यांच्याबद्दल इतर काय म्हणतात? सातवी-आठवीच्या वर्गाला हे एका तासात करून बघता येतं. एक पान द्या, पाच मिनिटं द्या, आणि ते पान अजिबात न वाचता त्याच्या मालकाबद्दल काय सापडतं, तेवढंच वहीत लिहायला सांगा.