नदी तीच, नजर वेगळी

नदीकाठी मूल बेधडक पाण्याकडे धावलं की मोठी माणसं म्हणतात, ‘त्याला काय कळतंय!’ अनुभव कमी असतो हे खरंच. पण मुळात मोठ्यांना दिसतं ते पाणी मुलाला दिसतच नसतं, कारण त्याचे डोळे कमी उंचीवर असतात.

पाण्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पृष्ठभागावरून परत फिरतो, उरलेला आत शिरतो. ही वाटणी कोनावर ठरते. सरळ वरून पाहिलं तर परावर्तन जेमतेम २ टक्के, म्हणून तळातले गोटे स्वच्छ दिसतात. नजर लंबापासून, म्हणजे पाण्यावरच्या सरळ उभ्या रेषेपासून, ६० अंश कलली तरी ते ६ टक्क्यांच्या आसपासच राहतं. पुढे मात्र झपाट्यानं चढतं आणि ८० अंशांना ३५ टक्क्यांवर जातं. एकोणिसाव्या शतकात फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं याची समीकरणं मांडली.

आता संथ पाण्याच्या अगदी काठावर उभं राहून ४ मीटरवर पाहू. मोठ्या माणसाचे डोळे १.६ मीटर उंचीवर, मुलाचे १ मीटरवर. कोन अनुक्रमे ६८ आणि ७६ अंश. फरक फक्त ८ अंशांचा, पण परावर्तन ११ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट! त्यात आभाळ लख्ख आणि तळाकडून येणारा प्रकाश क्षीण. त्यामुळे मुलाला ढग आणि पलीकडची झाडं दिसतात; तळ जिथे एकदम काळवंडतो ती डोहाची कड त्याच्या नजरेतून सुटते. काठावर उकिडवं बसून पाहा, गोटे दिसेनासे होतात.

जो तळ दिसतो तोही फसवा. अपवर्तनामुळे, म्हणजे पाण्यातून बाहेर पडताना प्रकाश वाकल्यामुळे, २ मीटर खोल पाणी वरून दीड मीटर भासतं आणि नजर तिरपी झाली की आणखी उथळ. ‘डोह माणसाला ओढून घेतो’ असं म्हणणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. डोहात ओढणारं कुणी बसलेलं नसतं, खोलीचा अंदाज चुकलेला असतो.

चकाकी घालवायला पोलरॉइड चष्मा वापरतात. ५३ अंशांच्या आसपास परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात. अशा लहरी अडवणारा हा चष्मा तिथे उत्तम काम करतो; त्याहून तिरप्या नजरेला त्याचा उपयोग घटत जातो. आपल्या उदाहरणात चष्म्यातून पाहणाऱ्या मोठ्या माणसासाठी परावर्तन ३ टक्क्यांवर येतं, मुलासाठी १३ टक्के उरतंच.