एकट्याने कॅरव्हॅन घेऊन वेस्ट मॅकडॉनेलच्या घळींकडे : व्हॅन नेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून आमची गाडीमागे ओढायची सोळा फुटी व्हॅन (कॅरव्हॅन) घेऊन एकट्याने ॲलिस स्प्रिंग्ज आणि त्याच्या पश्चिमेकडच्या घळी पाहायला निघणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. सोबत कोणी असेल तरी वाचा, पण यातल्या निम्म्या सूचना मागे उभे राहून हात दाखवायला कोणी नसते म्हणूनच लिहाव्या लागल्या आहेत. एकट्या माणसाला आम्ही मोठी, दोन ॲक्सलची व्हॅन देत नाही. कृपया आग्रह करू नये.

बुकिंगच्या वेळी प्रत्येकाला एक गोष्ट सांगतो, ती इथेही सांगतो. व्हॅन हे मुक्कामाचे घर आहे, ते घळीच्या तोंडापर्यंत ओढत न्यायचे नाही. ॲलिसच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये किंवा फार तर ऑर्मिस्टन गॉर्जच्या कॅम्पग्राउंडवर व्हॅन उभी करा, सुटी करा आणि पुढे नुसती गाडी घेऊन फिरा. पार्किंगमध्ये अडकलेली, वळवता न येणारी व्हॅन आणि भर उन्हात एकटा ड्रायव्हर, ही वेळ टाळता येण्यासारखी आहे.

वजन

व्हॅनच्या प्लेटवर दोन आकडे असतात. टेअर म्हणजे रिकामी व्हॅन, आमची १,६२० किलो. एटीएम म्हणजे भरलेल्या व्हॅनची कमाल मर्यादा, २,००० किलो. मधले ३८० किलो तुमचे, असे वाटते. पण पाण्याच्या दोन टाक्या ८० लिटरच्या, त्या भरल्या की १६० किलो गेले. दोन बाटल्यांतला गॅस १८ किलो. उरले दोनशे. त्यात गादी-पांघरूण, धान्य, भांडी, खुर्च्या, हत्यारे, कपडे सगळे आले. आमच्या आवारातून निघालात की पहिल्याच सार्वजनिक वजनकाट्यावर व्हॅन चढवा. मर्यादा ओलांडलेली असेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी सर्वांत आधी तेच विचारते.

सामान कुठे ठेवले यालाही तितकेच महत्त्व आहे. गाडीच्या मागच्या हुकच्या गोळ्यावर (ज्यावर व्हॅन जोडतात) येणारे वजन भरलेल्या व्हॅनच्या साधारण १० टक्के हवे, म्हणजे इथे १८० ते २०० किलो. हे वजन गाडीच्या भारक्षमतेतही धरायचे, ते बरेच जण विसरतात. जड वस्तू ॲक्सलच्या वर आणि जमिनीलगत ठेवा. मागच्या कपाटात तांदळाची पोती आणि मागच्या बंपरवर जास्तीचे चाक असे भरले की गोळ्यावरचे वजन कमी होते आणि ताशी ९०च्या वेगाला व्हॅन शेपटी हलवू लागते. तशी हलू लागली तर गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, त्याने डोलणे वाढते. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर आहे तिथेच ठेवा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरचे बटण हाताने दाबा. त्याने फक्त व्हॅनचे ब्रेक लागतात आणि ती मागून ताणली जाऊन सरळ होते. हे बटण कुठे आहे ते न बघता सापडले पाहिजे. ताबा देताना आम्ही तीनदा दाबून घेतो, ते यासाठीच.

एकट्याने जोडणी

व्हॅनच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हे झाल्याशिवाय दुसरे काही करायचे नाही. जॉकी व्हील (व्हॅनच्या पुढच्या टोकाचे, वरखाली होणारे छोटे चाक) फिरवून कपलिंग (गोळ्यावर बसणारा व्हॅनचा जोड) गोळ्याच्या वर घ्या. मागच्या कॅमेऱ्यात बघत गाडी मागे आणा आणि शेवटचे मीटरभर अंतर उरले की उतरून बघा, कितीही वेळा. कपलिंग खाली सोडा, खटका बसवा, पिन घाला. आता परीक्षा : जॉकी व्हील उलटे फिरवून व्हॅन वर उचलायचा प्रयत्न करा. गाडीची मागची बाजू सोबत उठली तर जोडणी पक्की. कपलिंग एकटेच वर आले तर खटका बसलेलाच नव्हता. मग व्हॅनच्या सुरक्षा-साखळ्या एकमेकींना छेदून गाडीला लावा. साखळी अडकवायच्या डी-शॅकलवर (D आकाराच्या कडीवर) भारक्षमता कोरलेली हवी. हार्डवेअरच्या दुकानातला साधा शॅकल चालत नाही. त्यानंतर विजेचा प्लग, जॉकी व्हील वर, हँडब्रेक खाली, ठोकळे उचला.

मागचे दिवे एकट्याने तपासायची सोपी रीत : फोन व्हॅनच्या मागे बाटलीला टेकवून उभा करा, व्हिडिओ सुरू करा, आणि गाडीत बसून ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर याच क्रमाने द्या. मग जाऊन बघा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. चाक बदलले असेल तर तिथून पुन्हा १०० किलोमीटरला.

रस्ता, इंधन, टायर

ॲडलेड ते ॲलिस सुमारे १,५३० किलोमीटर, सगळा डांबरी. चार दिवस धरा : पिंबा, कूबर पीडी, कुलगेरा, ॲलिस. स्टुअर्ट हायवेवर नॉर्दर्न टेरिटरीत बऱ्याच भागात वेगमर्यादा १३० आहे, ती तुमच्यासाठी नाही. ९०ने चला. ९०चे १०० केले की इंधन डोळ्यांदेखत वाढते. ही व्हॅन मागे असताना बहुतेक फोर-व्हील गाड्या १०० किलोमीटरला १८ लिटरच्या आसपास पितात, समोरून वारा असेल तर २२. ऐंशी लिटरची टाकी पहिल्या हिशेबात ४४० किलोमीटर पुरते, दुसऱ्यात जेमतेम ३६०. पिंबा ते कूबर पीडी ३६५ आहे. मध्ये ग्लेनडांबो लागते, पण तिथला पंप बंद आहे असे धरूनच निघा आणि २० लिटरचा भरलेला जेरीकॅन सोबत ठेवा. तो व्हॅनच्या आत नको, गॅसच्या पेटीजवळही नको. याच पट्ट्यात रस्ता वूमेराच्या प्रतिबंधित लष्करी क्षेत्रातून जातो. ‘जरा आत जाऊन मुक्काम करू’ हा विचार तिथे सोडून द्या.

रोड ट्रेन (एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक) ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. ती मागून ओलांडू लागली की हवेच्या दाबाने व्हॅन आधी बाजूला ढकलली जाते, मग ट्रककडे ओढली जाते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून वेग स्थिर ठेवा, उगाच डांबराच्या कडेवर उतरू नका. यूएचएफ रेडिओ (गाड्यांनी आपसात बोलायचा वायरलेस) चॅनल ४०वर ठेवा, ट्रकवाले तिथे बोलतात. कॅरव्हॅनवाल्यांचा चॅनल १८. सूर्यास्तानंतर व्हॅन ओढणे आमच्या करारात बसत नाही. कुंपण नसलेल्या माळावर कांगारू, गुरे आणि उंट संध्याकाळीच रस्त्यावर येतात.

टायरचा दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तासभर चालवून पुन्हा मोजा. चार पीएसआयच्या आसपास वाढला असेल तर ठीक. सहा-आठ वाढला तर सकाळचा दाब कमी होता किंवा वजन जास्त आहे. कमी हवेचा टायर कडेला वाकून वाकून तापतो आणि तापूनच फुटतो. दोष डांबराला दिला जातो.

ॲलिसच्या पश्चिमेला नमाटजिरा ड्राइव्ह ग्लेन हेलनपर्यंत डांबरी आहे. त्यापुढची मेरीनी लूप ही किंग्ज कॅन्यनकडे जाणारी वाट नालीदार पत्र्यासारखी खडबडीत आहे आणि तिला वेगळा परवाना लागतो. आमची व्हॅन तिथे न्यायला मनाई. किंग्ज कॅन्यनला जायचे तर परत स्टुअर्ट हायवेवर या आणि एर्लडुंडावरून लसेटर हायवे, मग लुरिचा रोड असे जा. नकाशाचे ॲप मधूनच अर्नेस्ट गाइल्स रोडचा ‘जवळचा’ मार्ग दाखवील. तो जवळजवळ शंभर किलोमीटर कच्चा आहे. पाम व्हॅलीला जाणारी वाट फिंक नदीच्या पात्रातून जाते, तिथे उंच फोर-व्हील गाडीच चालते.

घळी

नॉर्दर्न टेरिटरीबाहेरून येणाऱ्यांना पार्क्स पास लागतो. तो आणि कॅम्पग्राउंडचे बुकिंग दोन्ही ऑनलाइन, आधीच करा. तिथे पोचल्यावर फोनला रेंज नसते. एप्रिलअखेर ते सप्टेंबर हा हंगाम. जूनच्या राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीत फिंक डेझर्ट रेस ही वाळवंटातली वाहनांची शर्यत असते, तेव्हा ॲलिसमध्ये जागा मिळणे अवघड.

सिम्पसन्स गॅप शहरापासून वीसेक किलोमीटरवर. मुक्काम नाही, पोहणे नाही. सकाळी लवकर गेलात तर उजव्या-डाव्या दगडांच्या राशीत काळ्या पायांचे रॉक वॉलबी (कांगारूसारखे छोटे प्राणी) दिसतात, पण हलायचे नाही. स्टँडली कॅझम स्थानिक आदिवासी कुटुंबांच्या मालकीची असून तिचे तिकीट वेगळे आहे. तिथे दुपारी बाराच्या आसपासच जा. एवढ्या अरुंद फटीत ऊन तळापर्यंत तेव्हाच पोचते.

एलरी क्रीक बिग होल, सुमारे ८० किलोमीटर. एकट्या माणसाला सर्वांत धोकादायक हेच ठिकाण, कारण ते अजिबात धोकादायक दिसत नाही. बाहेर ३० अंश, समोर शांत पाणी, पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर. पाणी खोल आहे, त्यावर दिवसाचा फार थोडा वेळ ऊन पडते आणि ते बर्फगार असते. मध्यावर पोचेपर्यंत हातपाय जड होतात. पोहता उत्तम येणारेही इथे फसतात. एकटे असाल तर काठाने, पाय टेकतील एवढ्याच पाण्यात. पलीकडे जायचेच असेल तर फुगवलेली ट्यूब घेऊन, आणि काठावर दुसरी माणसे असतील तेव्हाच.

ऑर्मिस्टन गॉर्ज, १३५ किलोमीटर. आमच्या मते दोन रात्री द्यायच्या तर इथे. ऑर्मिस्टन पाउंडची फेरी साडेआठ-नऊ किलोमीटरची, तीन-चार तास, आणि शेवटी घळीतूनच परत यावे लागते. पाऊस झाला असेल तर त्या टप्प्यात पाण्यातून चालावे लागते, आधी रेंजरला विचारा. चालताना तासाला एक लिटर पाणी धरा. घळीतले पाणी पिण्याच्या हिशेबात धरू नका. रेडबँक घळीला व्हॅन नाहीच, वाट खडकाळ आहे.

किंग्ज कॅन्यनची कड्यावरची सहा किलोमीटरची फेरी ३६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाचा अंदाज असेल त्या दिवशी सकाळी नऊच्या आतच सुरू करावी लागते. मुख्य चढ पहिल्या काही मिनिटांतच आहे. तिथेच धाप लागत असेल तर परत फिरण्यात कमीपणा नाही.

ओढ्यावरच्या खोलगट रस्त्यात पाणी वाहत असेल तर थांबा, कितीही उथळ दिसले तरी. खाली रस्ता शिल्लक आहे की नाही ते वरून कळत नाही. आकाश निरभ्र असले तरी वरच्या डोंगरात पडलेला पाऊस नंतर येतो.

मुक्कामी

पॉवर साइटची (कॅरव्हॅन पार्कमधल्या विजेची सोय असलेल्या जागेची) केबल १५ अँपिअरची आहे. तिची जाड पिन घरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये जात नाही. कापून, घासून बसवू नका. केबल पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली राहिली तर तापते. फ्रिज तीन प्रकारे चालतो : गाडी चालू असताना १२ व्होल्ट, पार्कमध्ये वीज, रानात गॅस. प्रवासात गॅसच्या बाटल्यांचे व्हॉल्व्ह बंद. गॅसवर चालताना व्हॅन पाणपातळीत हवी. जास्त कलली तर फ्रिज थंड करणे सोडून देतो आणि लोक आम्हाला फोन करतात.

जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो. पाण्याचा नळीपाइप संध्याकाळीच सोडवून रिकामा करा आणि सकाळच्या चहाचे पाणी किटलीत भरून ठेवा. ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कुकर जरूर न्या, गॅस आणि पाणी दोन्ही वाचते. शिट्टी होताना छतावरची खिडकी उघडी हवी, नाही तर रात्री भिंतींना पाणी सुटते. फोडणी मात्र बाहेरच्या शेगडीवर द्या : धुराचा अलार्म मोहरीला ओळखतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हिंग आवडेलच असे नाही.

संपर्क

पोर्ट ऑगस्टा सोडले की गावांबाहेर रेंज जवळपास संपते. गावांत टेलस्ट्राचे जाळे त्यातल्या त्यात बरे. व्हॅनच्या हत्यारपेटीत ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारे खिशात मावणारे यंत्र) आहे. तो ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी अथॉरिटीकडे नोंदवलेला आहे. तुमच्या प्रवासाचा तपशील आम्ही त्यात भरतो, म्हणून मार्ग बदललात तर कळवा. चालायला जाताना पीएलबी खिशात न्यायचा, पेटीत ठेवायचा नाही. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा. वरून शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी आधी दिसते.

रोज संध्याकाळी एका माणसाला ठिकाण कळवायचे, आणि तो माणूस ऑस्ट्रेलियातलाच हवा. पुण्या-नाशिकच्या घरच्यांना फोटो खुशाल पाठवा, पण ०००, हा इथला आपत्कालीन नंबर भारतातून लागत नाही.

परत येताना साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीआधी ताजी फळे संपवा किंवा तिथल्या पेटीत टाका. फळमाशीच्या नियमात टोमॅटो, वांगी आणि हिरव्या मिरच्याही येतात, दंड जबर आहे. टॉयलेटची कॅसेट (मैला साठणारी सुटी टाकी) ठरवून दिलेल्या डंप पॉइंटवरच रिकामी करा. व्हॅन आमच्याकडे देताना पाण्याच्या टाक्या रिकाम्या, कॅसेट धुतलेली आणि पीएलबी पेटीत असावा. त्याचे सील तुटलेले आढळले तर आधी कारण विचारू, पैशांचे नंतर बघू.