निचरा नळी, शस्त्रक्रियोत्तर

शस्त्रक्रियेच्या जागी साचणारे रक्त, पाण्यासारखा स्राव किंवा पू बाहेर यावा म्हणून काही काळ आत ठेवलेली नळी. मुंबईच्या रुग्णालयांत ‘ड्रेन’ हाच शब्द रूढ आहे.

उगमाबद्दल मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेत (काल अनिश्चित, उपलब्ध संस्करण बहुधा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले) जलोदरावर (पोटात पाणी साचणे) पोट भेदून कथिलासारख्या धातूची दुतोंडी नळी किंवा पिसाची नळी घालावी, सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये, असे सांगितले आहे. काही अभ्यासक निचरा नळीचे मूळ येथे मानतात. परंतु सुश्रुत पाणी काढल्यावर नळी काढून व्रण बांधायला सांगतो. त्यामुळे छातीतील पुवासाठी पोकळ कथली नळी ठेवण्याचा, प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ याच्या परंपरेतील उल्लेख आजच्या प्रथेला अधिक जवळचा वाटतो. रबरी नळ्यांचा प्रसार फ्रेंच शल्यविशारद शासेन्याक यांनी १८५९ च्या सुमारास केला. बंद निर्वात पद्धत, म्हणजे हवाबंद पात्रातील कमी दाबाने द्रव ओढून घेणे, फ्रान्सच्या रदाँ यांच्या नावाने ओळखली जाते (१९५४).

हल्ली नळीच्या बाहेरच्या टोकाला जोडलेला मऊ, पोकळ बल्ब दाबून बूच लावले की तो पुन्हा फुगू पाहतो व द्रव ओढतो. भरत जाईल तशी ही ओढ घटते. म्हणून साधारणतः दिवसातून दोनदा किंवा अर्धा भरताच हात धुऊन तो रिकामा करतात. मोजपात्रातला आकडा मिलिलिटरमध्ये, वेळेसह वहीत मांडतात; नळ्या दोन असल्यास नोंदी वेगळ्या. रंग लालवरून गुलाबी, मग पिवळसर होणे अपेक्षित असते.

परळच्या टाटा रुग्णालयात (स्थापना १९४१) बाहेरगावचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्यांपैकी अनेक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. नळीसह अशा ठिकाणी राहताना बल्ब जखमेपेक्षा खाली, त्याच्या कडीत सेफ्टी पिन घालून गाऊनला अडकवतात. पिन नळीत टोचू नये. लोकलच्या गर्दीत नळी खेचली जाण्याचा धोका खरा, तेव्हा तपासणीला टॅक्सी बरी. पावसाळ्यात ओले ड्रेसिंग तसेच ठेवू नये.

अचानक भरपूर ताजे रक्त, पू किंवा दुर्गंधी, ताप, पसरती लाली, किंवा निचरा थांबून सूज वाढणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे. नळी निसटल्यास परत आत ढकलू नये. स्वच्छ गॉज दाबून धरावा.

नळी केव्हा काढावी यावर एकमत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर २४ तासांचा निचरा २० ते ३० मिलिलिटरखाली येण्याची वाट पाहण्याची प्रथा आहे. काही शल्यचिकित्सक ठरावीक दिवसांनी काढतात.