एम्युलेटर आणि व्हर्च्युअल मशीन : दुभाषी आणि धुरा

पांढरकवडा परिसरातील एका जिनिंगच्या कार्यालयात गेल्या उन्हाळ्यात एक जुना संगणक कायमचा बंद पडला. त्याच्या ५४० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कवर कापूस खरेदीचा हिशेब ठेवणारा, डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरचा एक प्रोग्रॅम होता आणि काटापट्टीपासून हिशेबपट्टीपर्यंतचे सारे काम वर्षानुवर्षे त्यावरच झाले होते. "मशीन गेली तं गेली सर, पण साऱ्या वह्या तर याच्यातच हायेत," असे म्हणून दिवाणजींनी ती डिस्क माझ्या हाती दिली. डिस्क सुदैवाने वाचता येत होती, म्हणून तिची जशीच्या तशी प्रत एका फाइलच्या रूपात मी माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. पुढे काय करावे असे विचारल्यावर तिघांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला एम्युलेटर टाका, दुसरा म्हणाला व्हर्च्युअल मशीन करा, आणि तिसऱ्याने दोन्ही एकच असल्याचे ठामपणे सांगितले. तिसऱ्याचे म्हणणे चूक आहे, आणि ते का चूक आहे हे नीट कळले नाही तर जुना प्रोग्रॅम चालू करण्याच्या खटाटोपात आठवडे वाया जातात, म्हणून हे लिहीत आहे.

गोंधळ होणे मात्र स्वाभाविक आहे, कारण दोन्हींचे बाह्यरूप सारखेच असते. पडद्यावर एक चौकट उघडते, तिच्या आत काळ्या पार्श्वभूमीवर दुसराच एक संगणक सुरू होतो आणि त्या आतल्या संगणकाला आपण चौकटीत आहोत याचा पत्ताही नसतो. फरक कळण्यासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो: आतल्या प्रोग्रॅमच्या सूचना प्रत्यक्षात कोण पाळतो?

मेळघाटातील एखादी कोरकू बोलणारी आजी अमरावतीच्या दवाखान्यात आली आणि डॉक्टरांना कोरकू येत नसेल, तर मध्ये दुभाषी बसवावा लागतो. आजीचे प्रत्येक वाक्य तो ऐकतो, त्याचा अर्थ लावतो आणि डॉक्टरांना त्यांच्या भाषेत सांगतो. एम्युलेटरचे काम असेच चालते. जुन्या प्रोसेसरसाठी, म्हणजे सूचना पाळणाऱ्या चिपसाठी, लिहिलेली प्रत्येक सूचना एम्युलेटर वाचतो, त्या प्रोसेसरने काय केले असते ते ठरवतो आणि तोच परिणाम आजच्या प्रोसेसरकडून घडवून आणतो. जुना प्रोसेसर, त्याची स्मृती, पडद्याचे कार्ड, टायमर, कळफलक या साऱ्यांचे सोंग तो सॉफ्टवेअरमध्ये वठवतो. खरे यंत्र कोणत्या जातीचे आहे याच्याशी आतल्या प्रोग्रॅमला काहीही देणेघेणे उरत नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये दुभाषी नसतो, कारण तिथे भाषा एकच असते. एकाच वावराचे दोन भाग करून मध्ये धुरा, म्हणजे बांध, घातला, तर धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना माती तीच, पाणी तेच आणि ऊनही तेच असते. फक्त याने त्याच्या हिश्शात जाऊ नये एवढीच व्यवस्था असते. व्हर्च्युअल मशीनमधील प्रोग्रॅमच्या बहुतेक सूचना तुमच्या संगणकाचा खरा प्रोसेसर थेट पाळतो, आणि एखादी सूचना धुरा ओलांडू पाहते तेवढ्यापुरता राखणदार मध्ये पडतो. या राखणदाराला हायपरव्हायजर म्हणतात. हा निकष माझा नाही. गेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये व्हर्च्युअल मशीनच्या ज्या अटी मांडल्या, त्यांतच बहुसंख्य सूचना खऱ्या प्रोसेसरवर थेट चालल्या पाहिजेत अशी अट आहे. त्यामुळे वेग जवळजवळ मूळ यंत्राइतकाच मिळतो. दुभाष्याकडून तो मिळत नाही.

आता जिनिंगच्या प्रोग्रॅमकडे वळतो, कारण हा फरक मला तिथेच खऱ्या अर्थाने कळला. आजचे चौसष्ट बिटांचे विंडोज डॉसचे सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालवतच नाही आणि माझ्या लॅपटॉपवरचे लिनक्सही ते थेट चालवत नाही, म्हणून मी आधी व्हर्च्युअल मशीन तयार केले आणि त्यात फ्रीडॉस टाकले. फ्रीडॉस ही डॉसची मुक्त आवृत्ती आहे. १९९४ मध्ये जिम हॉल या विद्यार्थ्याने तिचे काम सुरू केले आणि ती आजही कोणालाही विनामूल्य मिळते. डिस्कची प्रत जोडली, प्रोग्रॅमचे नाव टाइप करून एंटर दाबले, आणि क्षणार्धात पडद्यावर रनटाइम एरर २०० अशी एकच ओळ येऊन प्रोग्रॅम बंद पडला. पुन्हा केले, पुन्हा तेच. डिस्कच खराब झाली असावी या शंकेने मी दोन दिवस फाइली तपासत बसलो.

दोष डिस्कचा नव्हता. प्रोग्रॅम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला होता. त्या भाषेत पडद्यावरच्या मजकुराची कामे करणारा क्रट (CRT) नावाचा एक भाग आहे, आणि प्रोग्रॅम सुरू होताच तो प्रोसेसरचा वेग अजमावतो, कारण 'इतके मिलिसेकंद थांब' ही आज्ञा त्याला पुढे पाळायची असते. त्यासाठी ५५ मिलिसेकंदांत, म्हणजे पीसीच्या टायमरच्या एका ठोक्यात, एका रिकाम्या लूपच्या किती फेऱ्या होतात हे तो मोजतो आणि त्या संख्येला ५५ ने भागतो. उत्तर ६५,५३५ पेक्षा मोठे आले तर ते सोळा बिटांच्या खणात मावत नाही आणि प्रोसेसर भागाकाराची चूक दाखवतो. २०० या क्रमांकाचा अधिकृत अर्थ शून्याने भागाकार असा आहे. इथे शून्याचा काहीही संबंध नसतो, आणि म्हणूनच ही चूक इतकी दिशाभूल करते. हा भाग लिहिणाऱ्यांच्या काळी इतका वेगवान प्रोसेसर कोणाच्या टेबलावर नव्हता. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पेंटियमचा वेग वाढला तेव्हा जगभरचे असे प्रोग्रॅम या एकाच कारणाने बंद पडू लागले.

व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोग्रॅमला माझ्या लॅपटॉपचाच प्रोसेसर, त्याच्याच वेगाने मिळत होता. धुऱ्यापलीकडे ऊन तेवढेच पडते. प्रोग्रॅमला मात्र १९९० च्या सुमाराचे ऊन हवे होते.

मग तीच डिस्क मी डॉसबॉक्सला जोडली. डॉसबॉक्स हा मुक्त स्रोत एम्युलेटर आहे. तो २००२ पासून उपलब्ध आहे, आणि त्यात प्रोसेसर किती वेगाने चालल्याचे सोंग करायचे हे आकड्याने ठरवता येते. साध्या डॉस प्रोग्रॅमसाठी तो आकडा सुरुवातीला ३००० असतो, म्हणजे दर मिलिसेकंदाला साधारण ३००० सूचना. त्या वेगाला क्रटचा भागाकार बरोबर येतो. एंटर दाबले आणि जिनिंगची निळी पाटी, खाली आवक, वजन, भाव, चुकारा अशा अर्थाचे इंग्रजी रकाने उघडले. पडद्यावर जे दिसत होते ते पाहायला दिवाणजींना बोलावले, तेव्हा ते काही न बोलता बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले.

क्रटमधील ही चूक दुरुस्त करणारी छोटी साधने आहेत आणि ती लावली तर प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशीनमध्येही चालतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मी ती लावली नाहीत. जतन करायचे असेल तर मूळ फाइलला हात लावू नये आणि भोवतालचे यंत्र तिच्या मापाचे करावे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते एम्युलेटरमध्येच शक्य आहे.

यंत्राची जात बदलली की फरक आणखी उघड होतो. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी क्लास ही संगणक साक्षरतेची योजना सुरू केली, तेव्हा त्यासाठी बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला होता. त्यात ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर दोन मेगाहर्ट्झने चालत असे आणि स्मृती ३२ किलोबाइट होती. त्या काळी शाळेत लिहिलेला बेसिक भाषेतला प्रोग्रॅम आज चालवायचा असेल, तर व्हर्च्युअल मशीन हा पर्यायच उरत नाही, कारण ६५०२ ची भाषा आजच्या लॅपटॉपचा प्रोसेसर बोलत नाही. तिथे दुभाषीच लागतो. उलट बाजूनेही तेच आहे. रास्पबेरी पाय हा २०१२ पासून मिळणारा छोटा संगणक आणि आपल्या हातातील बहुतेक मोबाइल यांचे प्रोसेसर आर्म जातीचे असतात, त्यामुळे त्यांच्यावर डॉसचे व्हर्च्युअल मशीन होऊ शकत नाही. डॉसबॉक्स मात्र चालतो. भारनियमनाच्या दिवसांत आमच्याकडे लाइन सहा-सहा तास नसते, तेव्हा पॉवर बँकेवर चालणाऱ्या रास्पबेरी पायवर जिनिंगचा हिशेब उघडता येणे ही लहान सोय नव्हे.

दोन्ही शब्दांच्या गोंधळाला एक कारण क्यूएमू हेही आहे. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर दोन्ही कामे करते. नुसते चालवले तर ते एम्युलेटर असते आणि परक्या प्रोसेसरच्या सूचनांचे भाषांतर करते. त्याला केव्हीएम या हायपरव्हायजरची जोड दिली, जी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) आली, की तेच व्हर्च्युअल मशीन चालवू लागते. चौकट तीच, नाव तेच, आज्ञाही जवळजवळ तीच. पण आतल्या सूचना कोण पाळतो याचे उत्तर बदललेले असते. इतिहासातही दोघांची घरे शेजारीच आहेत. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली तेव्हा जुन्या १४०१ यंत्राचे प्रोग्रॅम टाकून द्यावे लागू नयेत म्हणून एम्युलेशनची सोय दिली, आणि त्याच दशकात त्याच कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिजमधील केंद्रात एका ३६० यंत्राचे अनेक आभासी हिस्से पाडण्याचे काम झाले.

व्हर्च्युअल मशीनला मी कमी लेखत नाही. तालुक्याच्या ठिकाणी संगणक शिकवताना मुलांना लिनक्स दाखवायचे असते आणि प्रयोगशाळेतील यंत्रांवरचे विंडोज हलवता येत नसते, तेव्हा व्हर्च्युअल मशीनइतके उपयोगी काहीच नाही. मुलांनी आत काहीही मोडले तरी पाच मिनिटांत पूर्ववत करता येते. आजच्याच जातीच्या यंत्रावर आजचीच दुसरी प्रणाली चालवायची असेल, तर दुभाष्याचा भार उगाच का घ्यायचा? डॉससाठी मात्र त्याची आणखी एक अडचण आहे. डॉस रिकामे बसले असतानाही कळ दाबली का, हे अखंड विचारत राहते, त्यामुळे खऱ्या प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण क्षमतेने चालू राहतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना लॅपटॉपचा पंखा त्यामुळे जो आवाज करतो तो ऐकवत नाही.

डॉसबॉक्सचीही मर्यादा सांगितली पाहिजे. तो मुळात जुन्या खेळांसाठी लिहिला गेला आणि मूळ आवृत्तीत छपाईची सोय नाही. जिनिंगला जुन्या हिशेबपट्ट्या कागदावर हव्या होत्या, म्हणून मला डॉसबॉक्स-एक्स ही त्यापासून निघालेली आवृत्ती घ्यावी लागली. स्रोत खुला असल्यामुळेच कोणीतरी ती सोय जोडू शकले.

एक गोष्ट मात्र दोघांनाही जमली नाही. प्रोग्रॅमचे रकाने इंग्रजीत होते, पण शेतकऱ्यांची आणि गावांची नावे मराठीत भरलेली होती, आणि ती पडद्यावर रेघा, कोपरे आणि ठोकळे होऊन आली. मालाच्या रकान्यात 'कापूस' असायला हवे तिथे पाच चिन्हे होती: एक उभी रेघ, एक कोपरा, दुहेरी रेघेचा दुसरा कोपरा, अर्धा भरलेला ठोकळा आणि एक फुली. जुन्या संगणकात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड बसवलेले होते. ते मदरबोर्डच्या खाचेत बसणारे खरेखुरे कार्ड होते आणि इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतातील बाइट वाचून पडद्यावर देवनागरी उमटवत असे. इस्कीत 'क' म्हणजे १७९ आणि काना म्हणजे २१८. कार्ड नसेल तर साध्या पीसीच्या अक्षरसंचात १७९ म्हणजे उभी रेघ आणि २१८ म्हणजे कोपरा. नावे सुरक्षित होती, ती वाचणारा जागेवर नव्हता. व्हर्च्युअल मशीनला या कार्डाविषयी काही माहीत नाही, आणि मी वापरलेल्या एम्युलेटरांतही त्याचे सोंग नाही.

माहिती वाचण्यापुरता मार्ग निघाला. यूनिकोड या आजच्या अक्षरसंकेतातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच बेतलेली असल्यामुळे बाइटला अक्षर जुळवणारे कोष्टक एका संध्याकाळी लिहून झाले आणि गावांची नावे पुन्हा वाचता आली. पण पडद्यावर कार्ड जसे अक्षर उमटवत होते तसे पाहायचे असेल, तर एम्युलेटरमध्ये जिस्ट कार्डाचे सोंग कोणीतरी लिहावे लागेल, आणि त्यासाठी ते कार्ड हाताशी असलेच पाहिजे. ग्रामपंचायत, सूतगिरणी, बाजार समिती किंवा पतसंस्थेच्या अडगळीत असा संगणक असेल तर भंगारात देण्यापूर्वी तो उघडून आत लांब हिरवे कार्ड आहे का ते पाहावे. जिनिंगच्या संगणकातील कार्ड मी काढून, कापसाच्या दोन थरांत गुंडाळून कपाटात ठेवले आहे.