संग्रहालय-वास्तू आणि प्रेक्षकसंचार

संग्रहालयातील दारे, जिने, दालनांचा क्रम, दृष्टिरेषा आणि उजेड यांच्या योजनेमुळे प्रेक्षकाच्या फिरण्याला जे वळण लागते, त्यास प्रेक्षकसंचार म्हणतात. स्थूलमानाने त्याचे तीन प्रकार दिसतात : एकातून दुसऱ्यात उघडणाऱ्या दालनांची रांग, मध्यवर्ती मंडपाभोवती पसरलेली दालने आणि एकाच दिशेने नेणारा अखंड मार्ग.

संचाराचा विचार करून बांधलेले आद्य संग्रहालय कोणते, याविषयी मतभेद आहेत. काही जण फ्लॉरेन्सच्या उफ्फिझीचे नाव घेतात. परंतु जॉर्जो व्हाझारीने १५६० मध्ये आरंभलेली ही इमारत मुळात कचेऱ्यांसाठी होती व वरच्या मजल्यावरील लांबलचक मार्गिकेचे कलादालन सुमारे दोन दशकांनंतर झाले, त्यामुळे तिथला संचार योजलेला नसून लाभलेला आहे. फ्रेंच वास्तुशिक्षक द्यूराँ याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मध्यभागी घुमट असलेला आदर्श संग्रहालयाचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि बर्लिनमधील वास्तुकार शिंकेलच्या आल्टेस म्युझियमवर (१८२५–३०) त्याची छाप सामान्यतः मान्य केली जाते. त्याच सुमारास म्यूनिकमध्ये वास्तुकार लिओ फोन क्लेंत्सेने आल्टे पिनाकोटेक हे चित्रसंग्रहालय (१८२६–३६) बांधताना दक्षिणेकडे एक लांब मार्गिका ठेवली, जिच्यातून मधली दालने ओलांडल्याशिवाय हव्या त्या दालनात थेट शिरता येई. बर्लिनचा घुमट प्रेक्षकाला थबकवतो, पण पुढे कुठे जावे हे सांगत नाही. मार्ग निवडण्याची मोकळीक भिंतींतच बांधून देण्याचा मान म्यूनिककडे जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

प्रेक्षकाच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकातला. बेंजामिन गिलमनने १९१६ मध्ये एका माणसाला काचपेट्यांतील वस्तू पाहायला लावून, तो कसा वाकतो, मान कशी तिरपी करतो, याची छायाचित्रे घेतली व ‘संग्रहालय-थकवा’ (पाहता पाहता येणारा शीण) ही कल्पना रूढ केली. आर्थर मेल्टनने १९३५ मध्ये दाखवून दिले, की दालनात शिरलेले बहुसंख्य लोक उजवीकडे वळतात आणि वाटेत बाहेर पडण्याचे दार दिसताच निघून जातात, म्हणजे डावी भिंत बहुधा न पाहिलेलीच राहते. उजवीकडचा हा ओढा उपजत आहे की काय, यावर बराच खल झाला. प्रेक्षकवर्तनाचे अभ्यासक स्टीफन बिटगुड यांच्या मते माणूस कमीत कमी पावले टाकू पाहतो. उजव्या कडेने चालत आलेला उजवीकडेच वळेल, यात नवल नाही. हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. देवळात प्रदक्षिणेसाठी डावीकडे वळण्याची सवय असलेल्या समाजाला तर मेल्टनचा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. वास्तु-अभ्यासक बिल हिलियर व ज्युलियन हॅन्सन यांच्या ‘द सोशल लॉजिक ऑफ स्पेस’ (१९८४) या ग्रंथानंतर दालने परस्परांशी कशी जोडली आहेत, यावरून गर्दीचा अंदाज बांधण्याची पद्धत पुढे आली.

अखंड मार्गाचे सर्वश्रुत उदाहरण न्यूयॉर्कचे गुगेनहाइम (१९५९) होय. प्रेक्षकाने लिफ्टने वर जावे व एकसंध चक्राकार उतारावरून चित्रे पाहत खाली यावे, अशी वास्तुकार फ्रँक लॉइड राइटची योजना होती. प्रत्यक्षात अनेक प्रदर्शने खालून वर मांडली जातात. पायाखालची जमीन तिरपी आणि चौकटीची कड आडवी, यामुळे चित्र कलल्याचा भास होतो. एकवीस कलावंतांनी १९५६ मध्येच या इमारतीविरुद्ध निषेधपत्र दिले होते.

वास्तुकार ल कॉर्ब्युझिएची ‘अमर्याद वाढणारे संग्रहालय’ ही, मध्यापासून चौकोनी वळणे घेत लागेल तसे बाहेर वाढत जाणाऱ्या चक्राची कल्पना अहमदाबादचे संस्कार केंद्र, तोक्योचे पाश्चात्य कला संग्रहालय (१९५९) व चंडीगढचे संग्रहालय यांत उतरली. अहमदाबादेत खांबांवर उचललेल्या इमारतीखालून मोकळ्या चौकात येऊन उतारावरून वर चढावे लागते. तिन्ही ठिकाणी चक्र मात्र योजनेप्रमाणे वाढले नाही.

मुंबईत वास्तुकार जॉर्ज विटेटच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घुमटाखालच्या मंडपातून वरच्या मजल्यांचे कठडे दिसत असल्याने प्रेक्षकाला आपण कुठे आहोत, याचा अंदाज राहतो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात (१८७२) एकच उंच दालन व भोवती सज्जा आहे. विटेटचेच कावसजी जहांगीर सभागृह १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झाले, तेव्हा त्याच्या पोटात एकावर एक अर्धवर्तुळाकार मजले घातले गेले. जिने चढत प्रेक्षक शेवटी घुमटाखालच्या दालनात पोहोचतो आणि आल्या जिन्यांनीच परततो.