ऑनलाइन सार्वजनिक शाळा (अमेरिका)

ऑनलाइन सार्वजनिक शाळा : अमेरिकेतील, करांच्या पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण मुलांसाठी इमारत नसलेली शाळा. बालवर्गापासून बारावीपर्यंतचे शिक्षण मूल घरी बसून घेते. शिक्षक, अभ्यासाची मानके आणि परीक्षा या तिन्हींना राज्याचे नियम लागू असतात. ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर महागडी खासगी शाळा उभी राहते. अमेरिकेत पब्लिक म्हणजे सरकारी, हे आधीच सांगितलेले बरे.

गृहशिक्षणाशी तिची नेहमी गल्लत होते. दोन्हींत मूल घरी असते, पण साम्य तेवढेच. गृहशिक्षणात काय शिकवायचे हे पालक ठरवतात आणि जबाबदारीही त्यांचीच असते. ऑनलाइन सार्वजनिक शाळेत मूल कायद्याने शाळेच्या पटावर असते. धडे शाळेचे, गुण शाळेचे, आणि गैरहजेरीबद्दल पत्र येते तेही शाळेचेच. मोकळीक मिळेल म्हणून आलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात जो धक्का बसतो, तो बहुधा याच गोष्टीचा.

या शाळांचा मोठा भाग चार्टर शाळांच्या कायद्यांतून आला. सरकारी पैसा, पण कारभार स्वतंत्र मंडळाकडे, अशी ही व्यवस्था. पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. १९९७ मध्ये फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल सुरू झाले. त्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते सरकारनेच उभारले आणि मुलाने विषय पूर्ण केला तरच त्याचे पैसे मिळावेत, असा नियम तिथे रुजला. पुढे कंपन्या आल्या : २००० च्या सुमारास के-ट्वेल्व्ह (२०२० पासून स्ट्राइड) आणि २००१ मध्ये कनेक्शन्स अकॅडमी, जी २०११ मध्ये पिअर्सनने विकत घेतली. अनेक ठिकाणी मांडणी अशी असते की चार्टर (शाळा चालवण्याचा परवाना) ना-नफा मंडळाच्या नावावर आणि अभ्यासक्रम, संगणकप्रणाली, कधीकधी सगळे व्यवस्थापनही कंपनीकडे. आपले मूल नेमके कोणाच्या शाळेत आहे, याचे उत्तर त्यामुळे पालकांना चटकन देता येत नाही.

प्रवेशासाठी कुटुंब त्या राज्यात राहणारे असावे लागते. मुलाच्या वयाचा दाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि आधीच्या शाळेची कागदपत्रे मागितली जातात. मग घरी खोकी येऊ लागतात. त्यांत पुस्तके, लहान वर्गांसाठी प्रयोगाचे साहित्य आणि पुष्कळ शाळांत वापरापुरता दिलेला संगणक असतो. इंटरनेटचे बिल कुटुंबाचे. काही शाळा त्यातला वाटा उचलतात. फी नाही हे खरे, पण त्यासाठी घरातले एक मोठे माणूस दिवसभर घरी थांबते. त्याच्या बुडालेल्या पगाराची नोंद कुठल्याच हिशेबात नसते.

या माणसाला शाळा ‘लर्निंग कोच’ म्हणतात. नाव गोंडस आहे. व्यवहारात ही आई, वडील किंवा आजी असते आणि प्राथमिक वर्गांत शिकवण्याचे बरेचसे काम तिच्याच गळ्यात पडते. सहा वर्षांचे मूल स्वतःहून वेळापत्रक उघडून दुसऱ्या धड्याकडे वळत नाही. त्याचा पुष्कळ अभ्यास पडद्याबाहेर, वही-पुस्तकावरच होतो. तो करवून घेणे, वहीच्या पानांचे फोटो काढून चढवणे, शिक्षिकेचा फोन आला की मूल कुठे अडले ते सांगणे, यात दिवसाचे चार-पाच तास सहज जातात. माध्यमिक वर्गांत हे काम देखरेखीवर येते आणि वरच्या वर्गांत मुलाने स्वतः चालावे अशी अपेक्षा असते. शिक्षिकेचे थेट तास ठरलेल्या वेळी पडद्यावर होतात; चुकलेल्या तासाचे चित्रीकरण सहसा नंतर पाहता येते.

हजेरी कशी मोजायची, हा या शाळांचा सर्वांत अवघड प्रश्न. वर्गात मूल बाकावर दिसते, इथे दिसत नाही. काही राज्ये तास मोजतात, काही पूर्ण झालेले धडे. अनेक शाळांत रोजचे तास पालकच प्रणालीत भरतात. पैसा पटावर मिळत असल्याने या नोंदीला मोल आहे. ओहायोतील इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो ही शाळा याच प्रश्नावर बुडाली. २०१५-१६ साठी तिने १५ हजारांहून अधिक पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे पैसे घेतले होते. राज्याने शिकल्याचा पुरावा मागितला तेव्हा त्यातले सुमारे ६,३०० च ग्राह्य धरले गेले. त्या एका वर्षापोटी सुमारे ६ कोटी डॉलर परत मागण्यात आले आणि जानेवारी २०१८ मध्ये शाळा बंद पडली. सुमारे १२ हजार मुलांना वर्षाच्या मध्यावर नवी शाळा शोधावी लागली. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही नुसता पट पुरेसा नाही, प्रत्यक्ष सहभागाचा पुरावा मागता येतो, असाच निकाल दिला.

पैशाचा वाद पेनसिल्व्हेनियात वेगळ्या अंगाने पेटला. तिथे मुलाचा मूळ शालेय जिल्हा (स्थानिक सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) सायबर म्हणजे ऑनलाइन चार्टर शाळेला पैसे देतो आणि रक्कम त्या जिल्ह्याच्या स्वतःच्या खर्चावरून काढली जात आली. ऑनलाइन शिकवायला किती लागतात, याच्याशी तिचा संबंध नव्हता. त्यामुळे एकाच आभासी वर्गातल्या दोन मुलांमागे शाळेला वेगवेगळी रक्कम मिळे. जिल्ह्यांची ही तक्रार रास्तच म्हणावी लागेल.

निकालांबाबत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राचा २०१५ चा अभ्यास सर्वाधिक उद्धृत होतो. ऑनलाइन चार्टर शाळांतील मुले तशाच इतर मुलांच्या मानाने वाचनात वर्षाला ७२ आणि गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे पडतात, असा त्याचा निष्कर्ष होता. शाळेचे वर्षच १८० दिवसांचे धरले होते. त्याच सुमारास झालेल्या जोड-अभ्यासात असे दिसले की या शाळांत मुलाला आठवड्यात जेवढे थेट शिकवणे मिळते, तेवढे साध्या शाळेत एका दिवसात मिळते. शाळांचे म्हणणे असे की आजारपण, छळ किंवा अभ्यासातली घसरण यांनी आधीच खचलेली मुले आमच्याकडे येतात आणि अशी कारणे आकड्यांच्या तुलनेत दिसत नाहीत. त्यात तथ्य आहे, पण एवढी मोठी दरी त्याने भरून निघत नाही.

तरीही कुटुंबे येतात. दीर्घ आजाराचे मूल, वर्गात छळ सोसलेली मुलगी, दिवसभर सराव करणारा खेळाडू, गावातल्या शाळेत नसलेला विषय हवा असलेला विद्यार्थी यांना घरची शाळा खरोखर उपयोगी पडते. खेळाडूंनी मात्र आधी चौकशी करावी. विद्यापीठीय क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिने २०१४ मध्ये के-ट्वेल्व्हशी जोडलेल्या अनेक शाळांचे विषय पात्रतेसाठी नाकारले होते. अपंग मुलांचे कायदेशीर हक्क मात्र इथेही कायम राहतात : वैयक्तिक शिक्षण आराखडा शाळेला पाळावाच लागतो. वाचा-उपचार पडद्यावर होतात. हाताला धरून करायच्या उपचारांसाठी घराजवळचा माणूस शोधावा लागतो.

वर्षातून एकदा ही शाळा अचानक खरीखुरी होते. राज्याच्या परीक्षा पुष्कळ ठिकाणी समोरासमोर घेतल्या जातात आणि २०१५ च्या संघीय कायद्यानुसार निदान ९५ टक्के मुलांच्या चाचण्या होणे अपेक्षित असते. शाळा त्यासाठी ठिकठिकाणी सभागृहे भाड्याने घेते, पालक मुलांना घेऊन लांबून गाडी हाकत येतात आणि वर्षभर पडद्यावरून ओळखलेली शिक्षिका तिथे पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसते.

२०२० च्या साथीत नेहमीच्या शाळांनी घाईने सुरू केलेले दूरस्थ वर्ग म्हणजे ही व्यवस्था नव्हे. पण त्यानंतर अनेक शालेय जिल्ह्यांनी स्वतःच्या ऑनलाइन शाळा काढल्या. अशा शाळेतून मूल साध्या वर्गात परतणे तुलनेने सोपे, कारण मुलाच्या नोंदी एकाच कार्यालयात असतात. चार्टर शाळा सोडताना मात्र क्रम सांभाळावा लागतो : आधी नव्या शाळेत नाव, मग जुन्या शाळेला लेखी कळवणे. मधले दिवस सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखाली गैरहजेरीत धरले जाऊ शकतात. अर्ध्या वर्षाचे श्रेयांक नवी शाळा मान्य करील की नाही हे आधी विचारून घ्यायचे, आणि दिलेला संगणक खोक्यात भरून परत पाठवायचा.