पार्श्वभूमी : इंडो-ग्रीक राजांचं हलकं चांदीचं नाणं

अलेक्झांडरची चांदी आणि त्याच्यामागून बॅक्ट्रियात (आजच्या उत्तर अफगाणिस्तानात) स्वतंत्र झालेले ग्रीक राजे, हा भाग इथे पुन्हा सांगत नाही. वाद आहे तो त्या राजांनी हिंदुकुश ओलांडून भारताकडे आल्यावर नाणं हलकं का केलं, याचा. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्यातल्या पहिल्या अपोलोडोटसने चक्क चौकोनी द्राख्म (ग्रीकांचं चांदीचं नाणं) पाडला. एकीकडे हत्ती, दुसरीकडे वशिंडाचा बैल. एका बाजूला ग्रीक मजकूर, दुसऱ्या बाजूला वायव्य भारतातल्या खरोष्ठी लिपीत ‘महरजस अपलदतस त्रतरस’, म्हणजे ‘त्राता महाराज अपोलोडोटसचं’. राजाचा चेहराच नाही. आणि वजन? अथेन्सच्या मापाचा द्राख्म सुमारे ४.३ ग्रॅमचा, हा जेमतेम २.४५.

वजन का उतरवलं? स्थानिक बाजाराशी जुळवून घेण्यासाठी, हे नेहमीचं उत्तर. पण इथला आहत कार्षापण, म्हणजे ठसे मारलेलं जुनं भारतीय चांदीचं नाणं, ३.३-३.४ ग्रॅमच्या आसपासचा, त्याच्याशी २.४५ चा सरळ हिशेब लागत नाही. चांदीच कमी पडली म्हणावं, तर हिंदुकुशच्या उत्तरेला कुंदूझला १९४६ मध्ये सापडलेला साठा आड येतो. त्यात दक्षिणेत राज्य करणाऱ्या राजांचीच पूर्ण वजनाची, फक्त ग्रीक अक्षरांची नाणी निघाली. त्यांतल्या अमिंटास राजाची वीस-द्राख्मी नाणी तर प्रत्येकी सुमारे ८५ ग्रॅमची! अमिंटास बराच नंतरचा, हे मान्य. तरी रीत दिसतेच: डोंगरापलीकडची देणी भरवजनात, घरचा व्यवहार हलक्या नाण्यात. बाहेरून आलेलं जड नाणं बदलून घ्यायला लावलं की वरची चांदी राजाच्या तिजोरीत. इजिप्तमध्ये पहिल्या टॉलेमीने चार-द्राख्मी नाणं १७.२ वरून १४.२ ग्रॅमपर्यंत उतरवून हाच डाव साधला होता. ‘जुळवून घेणं’ लिपीपुरतं खरं. वजनाच्या बाबतीत तो शब्द फारच सौम्य वाटतो.

हे हलकं माप पुढचा इंडो-ग्रीक राजा मिनँडर याने अमाप नाणी पाडून रुजवलं. इ.स. पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडरची जुनी नाणी चालत होती, असं ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात नोंदलेलं आहे. पश्चिम भारतातला शक राजा, क्षत्रप नहपान, याने साधारण मिनँडरच्या नाण्यांचाच घाट उचलला: लहान गोल नाणं, राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला अशी तेरा हजारांहून जास्त नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला होता. नव्या ठशाखाली जुना चेहरा अनेकांवर ओळखू येतो. पश्चिम क्षत्रपांनी हा घाट पुढे जवळपास तीन शतकं चालवला, आणि त्यांचा मुलूख जिंकल्यावर गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्तानेही तोच ठेवला, फक्त मागच्या बाजूला गरुड घातला.